बदकासाठी मडकं

कुरुळीच्या तळ्यावर बदकं दाखवायला निरंजन दर रविवारी माणसं नेतो. ग्रुपवर त्याने लिहिलं होतं, दुर्बीण, टोपी, पाणी ज्याचं त्याने आणावं. खाली आणखी एक ओळ होती. एका हळदीकुंकू बदकाच्या चोचीला गळाचा नायलॉन दोरा गुंडाळलाय, आठ दिवस त्याला खाता येत नाही. ती ओळ मी सावकाश, दोनदा वाचली आणि मडकं घेऊन गेलो.

"चिमाजीकाका, दुर्बीण कुठंय?" कंपनीत इंजिनिअर असलेल्या श्यामने विचारलं.

"मडक्याला दोन भोकं पाडलीत की."

सगळे हसले. निरंजन हसला नाही. वनखात्याच्या माणसांबरोबर त्याने तीनदा जाळं टाकलं होतं. माणूस दिसला की ते बदक मधोमध जायचं. आता ते मान टाकून बसलं होतं.

माझे वडील डोक्यावर मडकं घालून, गळ्याइतक्या पाण्यात चालत जाऊन बदकं धरायचे. तेव्हा ती खायला असायची. आता बंदी आहे, ते बरंच झालं.

निरंजनला विचारून मी पाण्यात उतरलो. दहा पावलांतच सगळा थवा दूर सरकला.

"काका, मडक्याला घाबरली," श्याम काठावरून म्हणाला.

खरंच होतं. वडील आधी चार दिवस रिकामी मडकी पाण्यात सोडायचे, बदकांना सवय व्हावी म्हणून. ते मी साफ विसरलो होतो. गारठलेल्या अंगाने परत फिरणार, तेवढ्यात वाऱ्याने जलपर्णीचा एक पुंजका वाहत आला. बदकं त्याला खेटूनच पोहत होती.

मी जलपर्णी ओढून मडक्यावर रचली. मग वाऱ्याच्या चालीने, तितक्याच हळू निघालो. एक बदक माझ्या कानाशी येऊन पानांना चोच मारू लागलं. आजारी बदक हातभर अंतरावर आलं. मी पाण्याखालून हात नेला आणि त्याचे दोन्ही पाय धरले.

काठावर निरंजनने त्याला टॉवेलात गुंडाळून कात्रीने दोरा कापला. चोच शाबूत होती. सोडल्यावर ते थोडं लांब गेलं, डोकं पाण्यात घालून, शेपूट वर करून खातच राहिलं. निरंजनने डोळे पुसले.

श्यामने मडकं उचललं. "काका, मी घालून बघू?"

"घाल की राव. पण पाण्यात उतरून."

त्याने बूट काढायला घेतले.