झग्रीत ऐकली की बर्राक येतो

हनियाला कुत्र्यांची भीती वाटते, हे तिने लग्नाआधी सासरी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि वाळवंटाच्या कडेला, दूझ गावातल्या घरी कुत्री आहेत, हे नवऱ्याने, लमीनने, तिला सांगितलं नव्हतं. पुढे यावरून भांडण झालं तेव्हा लमीन शपथेवर म्हणाला, की मी काहीएक लपवलेलं नाही. आमच्या घरी कुत्रं नाहीच. सलूगी आहे.

हे बापाचं बोलणं होतं, ते मुलाच्या तोंडी बसलं होतं. हाज दाऊचं म्हणणं असं, की जर्मन शेफर्ड हा शिपाई, सांगाल ते ऐकणार. अंगणात बांधलेला गावठी हा पहारेकरी, रात्रभर भुंकून पगार वसूल करणार. पांढऱ्या लोकरीच्या गुंड्यासारखी जी जात असते ती शहरातल्या बायकांनी काखेत धरायची. ही सगळी कुत्री. सलूगी, म्हणजे सशामागे सोडायची ती सडपातळ शिकारी जात, यांच्यात मोडत नाही. तो घरातलाच माणूस, फक्त जरा जास्त पळतो.

लग्नाची मेंदी हातावरून उतरली नव्हती आणि लमीन जेर्बाच्या हॉटेलातल्या नोकरीवर परत गेला होता, तेव्हाची गोष्ट. हाजची सलूगी मादी व्याली, एकच पिल्लू जगलं, आणि आईला दूध आलं नाही. हाजने ते पिल्लू सदऱ्याच्या ओच्यात घालून आणलं आणि सरळ नव्या सुनेच्या मांडीवर ठेवलं.

"घरात नवी सून असली की पिल्लू तिनेच वाढवायचं. आमच्याकडे तशी रीत आहे," तो म्हणाला.

हनिया किंचाळणारच होती. पण पिल्लू एवढंसं होतं आणि इतकं थरथरत होतं, की दोघांतलं जास्त घाबरलेलं कोण, हे तिलाच कळेना. वाळूच्या रंगाचं अंग, काजळ फासल्यासारखं तोंड, आणि पाय असे, की कुणीतरी दुसऱ्याच मोठ्या जनावराचे आणून जोडलेत. त्याने तिचं बोट तोंडात धरलं आणि चोखायला लागलं. ती बसल्या जागी रडायला लागली आणि मग हसायला लागली. सासूने, लल्ला मस्तूराने (मोठ्या बाईला तिकडे लल्ला म्हणतात), बाटलीत शेळीचं दूध भरून तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "रडून झालं की पाज."

त्याचं नाव ठेवलं बर्राक. म्हणजे वीज. पहिल्या महिन्यात ही वीज फक्त गालिच्यांवर पडली.

लल्ला मस्तूराचे गालिचे हाताने विणलेले. त्यातल्या सगळ्यात जुन्या, लाल गालिच्यावर बर्राकचा डोळा. हनियाने फोनवर बघून बघून शिक्षण सुरू केलं. पिल्लू झोपून उठलं की उचलायचं, दूध प्यालं की उचलायचं, गोल गोल फिरायला लागलं की धावत उचलायचं, आणि अंगणातल्या खजुरीखालच्या वाळूत नेऊन ठेवायचं. तिथे काम झालं की असं कौतुक करायचं, की जणू मुलगा बॅरिस्टर झाला. नणंद सल्मा दारात उभी राहून टाळ्या वाजवायची. शेजारच्या बायकांना वाटे, यांच्या घरी रोज कुणाचा तरी निकाल लागतोय.

गालिचा वाचला. मग हरीसाची बरणी आली. तिखटजाळ मिरचीचा तो लगदा बर्राकने अर्धी बरणी चाटला आणि नंतर अंगणात अशा काही फेऱ्या मारल्या, की हाज खाटेवरून उठून बसला. "बघ, बघ," तो बायकोला म्हणाला, "काय धावतोय. आजोबावर गेलाय." हनिया ताकाचं भांडं घेऊन मागे धावत होती, सल्मा तिच्या मागे, आणि हाज खाटेवरून त्याच्या वळणांची तारीफ करत होता. त्या दिवसापासून बर्राकने टेबलावरच्या कशालाही विचारल्याशिवाय तोंड लावलं नाही. हे शिक्षण हनियाचं नव्हे, मिरचीचं.

बसायला मात्र तो शिकेना. खालून निव्वळ हाडं, बसला तरी अवघडून, जसं काही कुणीतरी गरम तव्यावर बसवलंय. हनिया हातात मांसाचा तुकडा धरून "बस, बस" म्हणत राहायची.

"बसवतेस कशाला त्याला?" हाजने विचारलं. "पोस्टात नोकरीला लावायचाय का?"

"हाजबाबा, शिस्त लागायला हवी."

"सलूगीला एकच शिस्त. सुटला की सुटला. परत येईल तेव्हा येईल."

"आणि नाही आला तर?"

यावर हाजने चहाचा ग्लास तोंडाला लावला. त्याच्या आयुष्यात चांगले चांगले सलूगी सशामागे गेले आणि दोन दिवसांनी, पाय सोलवटून, तोंड पाडून आले. एक तर आलाच नव्हता. त्याचं नावसुद्धा घरात कुणी घ्यायचं नाही.

हनियाने मनाशी ठरवलं, बसला नाही तर नाही, पण हाकेला आलाच पाहिजे. पण नावाने हाक मारली की बर्राक कान हलवायचा आणि दुसरीकडे बघायचा. शिट्टी तिला येत नव्हती. टाळी वाऱ्यात विरून जायची. मग चुलत दिराच्या लग्नात अंगण बायकांनी भरलं आणि सगळ्यांनी मिळून झग्रीत घातली. जीभ नाचवत नाचवत काढलेला तो लांबलचक, चढता आनंदाचा स्वर. कोपऱ्यात झोपलेला बर्राक ताडकन उठला, बायकांच्या पायांतून वाट काढत थेट हनियाकडे आला, आणि तिने हातातला मांसाचा तुकडा नकळत त्याच्या तोंडात दिला.

तिथेच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या दिवसापासून ती अंगणाच्या एका टोकाला उभी राहून झग्रीत घालू लागली. बर्राक आला की खजुराचा तुकडा. मग अंगणाबाहेरून. मग गच्चीवरून. मग बागेच्या पलीकडून. पावसाळी ढगासारखा लोळत येणारा बर्राक आता बाणासारखा यायला लागला. माहेरून, स्फाक्सहून, आईचा फोन आला, "काय गं, फोन केला की झग्रीत ऐकू येते, रोज कुणाचं लग्न?" तर हनिया म्हणाली, "कुत्र्याला बोलावतेय."

फजिती वसंतात झाली. दूझमध्ये वसंत म्हणजे लग्नांचा हंगाम. गावात कुठेही झग्रीत उठली की बर्राक कुंपण ओलांडून हजर. कुणाच्या मांडवात, कुणाच्या स्वयंपाकघरात. एकदा तर उंटावरच्या पालखीतून नवरी चालली होती, बायकांनी तोंडं उघडली, आणि बर्राक उंटाच्या पोटाखालून येऊन पालखीकडे बघत उभा राहिला, खजुराची वाट बघत. उंट बिथरला. नवरी आत हसत सुटली, ती थांबेना. घरी टीव्हीवर मालिकेत लग्न लागलं तर बर्राक पडद्याच्या मागे जाऊन बायका शोधायचा.

"बापजाद्यांचे सलूगी हरणांमागे धावले," हाज म्हणायचा. "माझा वरातींमागे धावतो."

"पण येतो की नाही बोलावल्यावर?" लल्ला मस्तूरा सुनेची बाजू घ्यायची.

"येतो. गावातल्या कुठल्याही बाईने बोलावलं तरी येतो."

या सगळ्या धामधुमीत सल्माच्या लग्नाचं घोंगडं मात्र भिजत पडलं होतं. पलीकडच्या गल्लीतल्या लल्ला झिनाने आपल्या जिलानीसाठी तिला मागणी घातली होती. जिलानीचं आइस्क्रीमचं दुकान होतं, पोरगा सरळ होता, सल्माच्या मनात भरला होता. हाज नाहीही म्हणत नव्हता आणि होही म्हणत नव्हता. आधी म्हणाला, खजूर उतरू दे. मग म्हणाला, रमजान होऊ दे. खरं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. सल्मासारखा चहा दुसऱ्या कुणाला जमत नव्हता, आणि लेक घरातून जाणार म्हटलं की म्हातारा विषय बदलायचा.

शरद ऋतूत बर्राक भरात आला. हाजने त्याच्या पंजांना मेंदी लावली, तळवे टणक व्हावेत म्हणून, आणि एका दुपारी मित्राच्या गाडीतून त्याला वाळवंटात सशामागे सोडायला घेऊन गेला. हनियाला त्याने बरोबर घेतलं नाही. "आज त्याला पुरुषासारखं वागू दे," म्हणाला.

ऊन उतरायच्या आधी हाज परत आला. एकटाच. गाडीतून उतरून तो दारातच उभा राहिला, पगडी हातात.

"ससा उठला. तो सुटला," तो म्हणाला. "काय सुटला, पोरी, काय सांगू. वाळूला पाय लागत नव्हता. एक टेकडी ओलांडली, दुसरी ओलांडली, मग वारा सुटला आणि माग बुजले. नाव घेऊन ओरडलो. शिट्ट्या मारल्या. बाकीचं मला येत नाही."

शेवटचं वाक्य तो खाली बघून बोलला. हनिया जिना चढली. पुढे गच्चीच्या कठड्याशी उभी राहिली, वाळवंटाकडे तोंड केलं आणि झग्रीत घातली. एक, दुसरी, तिसरी. वारा गावाकडून वाळूकडे वाहत होता, तेवढंच नशीब. पण तिचा घसा तो किती, आणि वाळवंट केवढं.

सल्मा वर आली. तिने पदर कमरेला खोचला आणि अशी झग्रीत घातली, की खालची कोंबडी उडाली. लल्ला मस्तूरा गुडघे धरत धरत वर आली. तिला दम लागला होता, तरी तिचा आवाज दोघींच्या वर चढला. जुन्या बायकांचं ते कसबच वेगळं.

आता दूझची रीत अशी, की शेजारी झग्रीत उठली तर कारण विचारायचं नाही, आधी आपली मिळवायची, मग विचारायचं. शेजारीण गच्चीवर आली, तिने घातली. तिच्या पलीकडच्या दोघी जावा आल्या. आवाज एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारत निघाला, बाजार ओलांडून, मशिदीला वळसा घालून, पार शेवटच्या घरांपर्यंत, जिथून पुढे नुसती वाळू आहे. तिथल्या बायकांना काय चाललंय याचा पत्ता नव्हता, पण त्यांनी सगळ्यांत जोरात घातली. खाली पोरं नाचायला लागली. कुणीतरी ढोल काढला. दोन म्हातारे नवे कपडे घालून हाजच्या दाराशी आले आणि विचारू लागले, "मुबारक असो, कुणाचं?"

हाजने त्यांना बसायला सांगितलं. दुसरं काय सांगणार.

आणि मग सल्मा ओरडली, "धूळ, धूळ बघा."

वाळूच्या कडेला एक रेघ उठली होती. रेघ गावात शिरली, बाजारातून पळाली, लोक बाजूला झाले, आणि बर्राक अंगणात, जिन्यावर, गच्चीवर, जीभ लोंबत, अंगभर वाळू, ससा-बिसा काही नाही. तो हनियाच्या अंगावर इतक्या वेगाने आदळला, की ती बसलीच. तिच्या ओढणीच्या गाठीत खजूर होते. त्याने गाठीसकट खाल्ले. हनियाचा घसा पुरता बसला होता. ती नुसतं तोंड उघडायची आणि आतून हवा यायची, आणि ती हसायची.

एवढ्यात दार धाडकन उघडलं. लल्ला झिना. डोक्यावरची ओढणी तिरपी, एका पायात चप्पल, काखेत सोयरीक पक्की करताना द्यायची साखरेची कोनासारखी ढेप, धावत आल्यामुळे बोलता येईना.

"कुणाला दिली?" ती म्हणाली. "हाज, खरं सांग. मी वर्षभर थांबले. खजूर उतरले, रमजान झाला. आणि आज सगळं गाव झग्रीत घालतंय आणि मला पत्ता नाही. सल्मा कुणाला दिली?"

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. हाजने जिन्याकडे पाहिलं. तिथे बर्राक उभा होता, त्याच्या मागे हनिया, आणि हनियाच्या मागून सल्मा वाकून बघत होती, कानापर्यंत लाल. हाजला खरं सांगायचं होतं, की बाई, हे कुत्र्यासाठी होतं. पण दारात एवढी माणसं, दोन म्हातारे नव्या कपड्यांत, आणि बर्राक परत आलेला. असं मन भरून आल्यावर माणसाच्या तोंडून "नाही" निघत नाही.

"तुझ्याच जिलानीला दिली," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला देऊ? साखर आणलीस ना? बैस."

मग जी झग्रीत उठली तिच्यात बर्राक पार वेडापिसा झाला. अंगणात तीसएक बायका होत्या आणि जी ती त्याला बोलावत होती. तो हिच्याकडे जायचा, तिच्याकडे जायचा, प्रत्येकीपुढे तोंड वर करून उभा राहायचा, आणि त्या दिवशी त्याला कुणीही रिकामं पाठवलं नाही. जिलानी दुकान उघडंच टाकून पळत आला होता. त्याच्या मागे गावातली पोरं, हातात फुकटचं आइस्क्रीम.

सल्मा हिवाळ्यात सासरी गेली, म्हणजे एक गल्ली पलीकडे. रोज संध्याकाळी येऊन ती बापाला चहा करून देते. लमीन जेर्बाच्या हॉटेलातून सुट्टीवर आला तेव्हा त्याला हे सगळं तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितलं. त्याचा कशावरच विश्वास बसला नाही.

मध्यंतरी एका सकाळी हनिया कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली. घराच्या मागे, बागेच्या भिंतीआड, हाज दाऊ एकटा उभा होता. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मिशा हाताने वर धरल्या आणि जीभ नाचवायचा प्रयत्न केला. आवाज निघाला तो घशात काहीतरी अडकलेल्या गाढवाचा. त्याने खाकरून पुन्हा केला.

लांब खजुरीखाली झोपलेल्या बर्राकने एक डोळा उघडला. जरा विचार केला. मग उठला, आळस दिला, आणि धावत नव्हे, चालत चालत म्हाताऱ्याकडे गेला. हाजने खिशातून खजूर काढला. हनियाने ओला सदरा तोंडावर दाबून धरला आणि कठड्याखाली बसून राहिली.