वरचा कोपरा

टार्निट उपनगरातून मॅथ्यूच्या शेतावर पोचायला तीन तास लागले. तेवढ्या वेळात मार्शल डाबरेने शिकारीचे अकरा नियम सांगितले. विनीताने ते मोजले. ऑफिसातही ती त्याची आश्वासनं अशीच मोजायची. अंगाला साबण नको, केसांना तेल नको, आणि बसल्या जागी खाणं तर अजिबात नको.

"सांबराचं नाक आपल्या एचआरसारखं असतं, विनू. काही लपत नाही."

या परक्या देशात सांबराची शिकार कायदेशीर होती. विनीताला लायसन्स मिळून वर्ष झालं होतं, पण अजून एकही सांबर मिळालं नव्हतं. मॅथ्यूचा हिरवा चारा मात्र सांबरं रोज संध्याकाळी फस्त करत होती, म्हणून त्यानेच दोघांना बोलावलं होतं.

मार्शलने बॉनेटवर फोनचा नकाशा ठेवला. शेताच्या पश्चिमेला जंगल, वाराही तिकडूनच. सांबरं शेताच्या दोन कोपऱ्यांतून आत शिरायची.

"तू वरच्या कोपऱ्यात बस, मी खालच्या. मध्ये सहाशे मीटर. रेडिओ बंद, उगाच खरखर नको."

"तुझं ऑरेंज जॅकेट? मला दिसायला नको का तू?"

"राहू दे गाडीत. सांबराला रंग कळत नाही, mate."

हा बारावा नियम. तो तळ्याला वळसा घालून गेला, ती कुंपणाच्या कडेने.

विनीताचं आयुष्य पुलांची ड्रॉइंग्ज काढण्यात गेलेलं. नकाशात वर म्हणजे उत्तर. ती ओढ्याकाठच्या उत्तरेच्या कोपऱ्यात जाऊन पालथी पडली, चाळीस पावलांवरच्या झुडपांकडे तोंड करून.

तासाभराने ऊन ओसरलं आणि झुडपात काहीतरी हललं.

तपकिरी. थांबलं. पुन्हा हललं. उजेड जेमतेम दहा मिनिटांचा होता. तिने बंदुकीची सेफ्टी काढली. स्कोपमध्ये पाठीसारखं काहीतरी दिसत होतं, डोकं दिसत नव्हतं. डोकं दिसल्याशिवाय गोळी नाही, हा नियम चौथा. पण आता सोडलं तर सोमवारी मार्शल अख्ख्या फ्लोअरला सांगणार, "विनू घाबरली." बोट ट्रिगरवर गेलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली.

व्हिनेगर. लसूण. भाजलेला मसाला.

हा वास विनीता दर बुधवारी ऑफिसच्या मायक्रोवेव्हपाशी घेत होती. मार्शलचा डबा: त्याच्या बायकोच्या, इव्हाच्या हातचं सोरपोतेल, डुकराच्या मटणाचं.

"मार्शल!" तिचा आवाज चिरकला.

झुडपातून अर्धा पाव हातात धरलेला मार्शल उभा राहिला. "अगं, ओरडतेस काय! आणि तू इथे कशी? तुला वर बसायला सांगितलं होतं ना?"

"ही उत्तर आहे. वरच आहे."

"वर म्हणजे डोंगराकडे गं! ओढ्याकाठी कुठलं आलंय वर?"

दोघांनी दक्षिणेकडे पाहिलं. चढावरच्या कोपऱ्यात, जिथे कोणीच बसलं नव्हतं, तिथे एक मोठा नर शिंगं झुकवून निवांत चरत होता.

"गेला," मार्शल म्हणाला. "हातचा गेला. तू नेम तरी कशावर धरला होतास?"

विनीताने काडतूस काढून खिशात टाकलं. तिने नुसतं त्याच्या छातीकडे बोट दाखवलं.

मार्शलने स्वतःच्या तपकिरी स्वेटरकडे पाहिलं. मग तो हळूच खाली बसला. हातातला पाव हातातच राहिला.

"जॅकेट घेऊन येतो," तो म्हणाला. उजेड संपला होता, आता निघायचंच होतं. तरी तो उठला आणि दोन्ही हात वर धरून गाडीकडे चालू लागला.