कोरी चिठ्ठी

मालूने रोगट तंबाखूच्या पानाचा तुकडा काचेवर ठेवला, नवं ब्लेड दाबलं, आणि पान कापायच्या ऐवजी चिरडलं. कडेने हिरवं पाणी सुटलं.

"दुसरं घे," सुलाआत्या म्हणाली. "मोहरीएवढा तुकडा. आणि दाबायचं नाही. पेशी फुटल्या की यंत्रात मला नुसता चिखल दिसतो."

सुलाआत्या म्हणजे मालूच्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी आईबरोबर निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडायची. आता बारा वर्षं पुण्याच्या प्रयोगशाळेत रोगट तंबाखूच्या पेशींचे फोटो काढत होती. तिचं यंत्र माणसापेक्षा उंच आहे आणि त्यात उजेडाऐवजी इलेक्ट्रॉन सोडतात, हे मालूने दहावीच्या वर्गात इतक्यांदा सांगितलं होतं की वर्गाला ते पाठ होतं. येत्या मे महिन्यात आपण ते बघायला जाणार, हेही सांगून झालं होतं. आत्या मात्र एवढंच म्हणाली होती, की जिचे तुकडे यंत्रात स्वच्छ दिसतील तिला नेईन.

तेवढ्यात रुक्मा आली. समोरच्या घरातली, मालूच्याच वर्गातली. घरच्या विड्या वळून उशिरा आली होती. आत्याने तिच्याही हातात ब्लेड दिलं.

रुक्माने पान नखाखाली अलगद धरलं. ब्लेड टेकलं न टेकलं तोच तुकडे पेशी टिकवणाऱ्या औषधाच्या थेंबात पडू लागले, सगळे सारखे.

"कुठं शिकलीस गं?" आत्याने चष्मा वर सारला.

"शिकायचं काय त्यात? विडीचं पान वाकडं कापलं की आईचा धपाटा बसतोय."

आत्या मोठ्याने हसली. मालूने आपले तुकडे बाटलीत टाकून झाकण गरजेपेक्षा घट्ट फिरवलं. मग आठवलं, नावाची चिठ्ठी टाकायची राहिली. पुन्हा उघडलं.

"दोघी आपापलं नाव लिहून आत टाका," आत्या बाटल्यांसाठी बर्फ आणायला उठली. "माझ्या पहिल्या फोटोखाली साहेबांचं नाव छापलं होतं. जिने कापलं तिचं नाव बाटलीत पाहिजे."

शिसपेन्सिलनेच लिही, असं तिने मालूला सकाळी बजावलं होतं. पुढे बाटलीत अल्कोहोल घालतात, त्यात शाई विरघळते. तेव्हा रुक्मा नव्हती.

"लिवायला काय हाय गं?" रुक्माने हात पुढे केला.

पेन्सिल मालूच्या मुठीत होती. दप्तरात बॉलपेन होतं, शास्त्रात पहिली आली म्हणून मिळालेलं. त्याला ती कुणाला शिवू देत नसे.

तिने दप्तर उघडलं आणि ते रुक्माला दिलं.

"बक्षिसाचं? मला?" रुक्माचे डोळे मोठे झाले. जीभ दातांत धरून, दाबून दाबून तिने नाव लिहिलं.

एप्रिलमध्ये पुण्याहून मालूच्या नावाने पाकीट आलं. आत एका पेशीचा मोठा काळा-पांढरा फोटो होता. भिंत कुठे फाटलेली नाही, आणि मधोमध रोगाच्या विषाणूंच्या काड्या, विड्यांच्या बांधलेल्या कट्ट्यासारख्या एकीला एक लागून बसलेल्या.

"बारा वर्षांत इतकी स्वच्छ पेशी मला मिळाली नव्हती," आत्याने लिहिलं होतं. "तुझे तुकडे चिरडलेले निघाले. हे दुसऱ्या बाटलीतले. त्यातलं अल्कोहोल निळं झालं आणि चिठ्ठी कोरी. सोबत पाठवते. मे महिन्यात कुणाला आणू, ते तू कळव."

एवढंच. रागाचा एक शब्द नाही.

मालूने पत्र शास्त्राच्या पुस्तकात घातलं. पुस्तक फळीवर ठेवलं, पुन्हा काढलं. चिठ्ठी खिडकीशी नेली. कोरीच होती. मग ती हातात जराशी कलली, आणि ऊन कागदावरच्या खाचांत उतरलं.

समोरच्या ओट्यावर रुक्मा मांडीत सूप घेऊन विड्या वळत होती. मालूने जाऊन फोटो आणि चिठ्ठी पुढे केली.

"हे तुझ्या तुकड्यांतलं. आत्यानं पाठवलंय."

रुक्माने हात परकराला पुसले. फोटो बराच वेळ पाहिला. मग चिठ्ठी घेतली आणि विडीच्या पानाच्या शिरा बघायला धरतात तशी उजेडात तिरकी धरली.

"माझंच नाव हाय की." ती हसली. मग हसू थांबलं. "शाई कुठं गेली गं?"

मालूने तिच्या मांडीतलं सूप थोडं सरकवलं आणि ती रुक्माशेजारी बसली. "पेन्सिल माझ्या मुठीत होती," ती म्हणाली.