डावीकडे ओढणारी गाडी

“स्टेरिंग सोड,” तात्याबा म्हणाला. “बघू तिला कुठं जायचंय.”

सत्यवानने हात उचलले. दौंडबाहेरच्या रिकाम्या रस्त्यावर जुनी पिकअप थोडी सरळ गेली, मग झोपेतल्या माणसाने कूस बदलावी तशी हळूच डावीकडे, बाभळींच्या सावलीत वळली. त्याने घाईने स्टेरिंग धरलं.

“परवा पाटसजवळ अशीच गेली. मागं अडलेली बाळंतीण होती. गाडी पार ओढ्याच्या काठावर थांबली. मिशन सांभाळणाऱ्या दयाबाई शेजारीच होत्या. सकाळी एवढंच म्हणाल्या, सत्यवान, गाडी दाखवून आण.”

दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेली ही फौजेची गाडी केडगावच्या मिशनने घेतली, तेव्हापासून ती सत्यवानच चालवत होता. धान्य, आजारी बायका, नाताळची झाडं, सगळं त्याच्या हातून गेलं होतं. तात्याबाचे वाडवडील मेंढरांमागे हिंडले. हा मात्र लढाईत फौजेच्या वर्कशॉपात गेला आणि परतल्यावर दौंड स्टेशनाजवळ लिंबाखाली गाड्या दुरुस्त करू लागला. दोघांची दोस्ती याच गाडीने जुळवलेली.

लिंबाखाली येताच तात्याबाने चाकांची हवा पाहिली. ती ठीक होती. मग पुढच्या चाकांना तळहात लावला. उजवं कोमट, डावं चांगलंच तापलेलं.

“ब्रेक सुटत न्हाई हिचा. चिकटून बसतोय.” जॅकवर उचलून त्याने चाक वरखाली हलवलं. आत खुळखुळ वाजलं. “आन् चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन झिजलीय. एकानं ओढती, दुसऱ्यानं डुलती.”

दुपार सुस्त होती. यार्डात इंजिनं वाफ सोडत होती, कोळशाचा धूर लिंबात अडकून राहत होता. सत्यवान बशीतून चहा पीत बसला. डाव्या हातातली बशी कधी कलली ते त्याला कळलंच नाही. चहा धोतरावर सांडला. चाकाशी वाकलेल्या तात्याबाने पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

काम उरकल्यावर तात्याबाने स्वतः गाडी काढली. पाटसच्या रस्त्यावर त्याने दोन्ही हात वर केले. संथ पाण्यात होडी जावी तशी गाडी सरळ जात राहिली. सत्यवानला लहान मुलासारखं हसू आलं.

“आता तू घे.”

त्याने स्टेरिंग घेतलं. ऊन उतरत होतं. कालव्याचं पाणी चमकत होतं, उसाचे तुरे मागे वाहत होते, जणू गाडी उभीच आहे आणि रानच चाललं आहे. कुठून तरी लांबून तात्याबाचा आवाज आला, “सत्यवान, डावीकडं चाललास.”

चाक मुरमावर करकरलं. त्याने गाडी वर घेतली; थोड्याच अंतरावर ती पुन्हा उतरली.

“अजून ओढतीय,” सत्यवान म्हणाला.

“थांबव. आता डोळे मिट. दोन्ही हात म्होरं धर.”

सत्यवानने धरले. दोन्ही सारखेच वाटत होते. डोळे उघडले तेव्हा डावा हात खाली येऊन गिअरवर टेकला होता. तो परक्याच्या हाताकडे पाहावं तसा त्याच्याकडे पाहत राहिला.

“कवापास्नं?”

“उन्हाळ्यापास्नं मुंग्या येतात. झोपेत अंगाखाली येत असंल म्हणून म्या…”

“डॉक्टरला दाखवू,” तात्याबा म्हणाला. मग काचेबाहेर बघत हळूच बोलला, “मी मिशनला सांगतो, गाडीच मोडीत काढा. म्हातारी झाली. तुझं नाव यायचं न्हाई.”

नुसती मान हलवायची होती. लाज झाकली गेली असती. त्याच्या बायकोला, हेलनलासुद्धा, काही कळलं नसतं. सत्यवानचा अंगठा स्टेरिंगच्या झिजलेल्या जागेवरून फिरत राहिला. मग त्याला फळीला घट्ट धरून बसलेली ती बाळंतीण आठवली.

“न्हाई तात्याबा. गाडी सरळ हाय. तिच्यावर कशाला घालायचं? दयाबाईंना मीच सांगतो.”

दोघेही उतरले आणि बॉनेटसमोरून एकमेकांकडे न बघता बाजू बदलून बसले. तात्याबाने गाडी केडगावकडे सोडली. समोरून मेंढरांचा कळप आला, सोनेरी धूळ उठली, विरली. सत्यवानला गुंगी आल्यासारखं वाटत होतं. या गाडीत डोळे मिटायची मुभा त्याला आज पहिल्यांदाच मिळाली होती.

त्याने मिटले नाहीत. गाव येईपर्यंत तो रस्त्यावर नजर ठेवून ताठ बसला होता.