पाठीचं माप

टेलरबाईंच्या हातून गेलेला कपडा कधी दुरुस्तीला परत आला नाही, असं त्या स्वतःच सांगत, आणि कुणी विचारलं नाही तरी सांगत. अर्धांगवायूने डावी बाजू लुळी केली तेव्हा त्यांचं दुकान बंद झालं. नाकावरचा राग मात्र शाबूत राहिला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा परगावी. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या आणि शिलाईचं मशीन, एवढाच कुटुंबकबिला उरला होता.

आंघोळीला मात्र माणूस लागायचं, आणि ते माणूस म्हणजे त्यांची नणंद. एका घरात होत्या तेव्हा दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. आता म्हातारपणी तीच नणंद एक दिवसाआड जिने चढून यायची, भावजयीला स्टुलावर बसवायची आणि करपलेलं पातेलं घासावं तशी तिची पाठ घासायची. तोंडाचा पट्टा सोबत चालूच. टेलरबाई कुरकुरायच्या, "वन्सं, कातडं सोलताय का माझं?" खरं सांगायचं तर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हातच त्यांना लागत नव्हता, आणि तिचा तो हात लागावा म्हणून त्या आदल्या दिवसापासून वाट बघायच्या.

मग मुलाने सामान पाठवलं. आंघोळीची भोकाभोकांची खुर्ची, भिंतीला लावायची दांडी, लांब दांड्याचा ब्रश, खाली पडलेलं उचलायचा चिमटा, बटण लावायचा तारेचा आकडा. बाईंनी नाक मुरडलं. पण खुर्ची एका पायावर डुगडुगते म्हटल्यावर त्यांना चैन पडेना. चुकीच्या मापाची वस्तू घरात ठेवणं त्यांच्या जिवावर आलं. प्लंबरला बोलावून त्यांनी खुर्चीचे पाय आपल्या गुडघ्याच्या मापाने बसवून घेतले, दांडी दोनदा काढून पुन्हा लावायला सांगितली. तो बिचारा हात जोडून गेला. ब्रशची मूठ निसटत होती, तिच्यावर जुन्या पॅंटच्या कापडाची पट्टी चढवली. टॉवेल टेबलाच्या कडेला कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवून, एका हाताने टाके घालत त्याच्या टोकांना बंद शिवले. एक बंद भिंतीवरच्या खुंटीला, दुसरा उजव्या हातात. ओढलं की पाठ कोरडी.

नणंद आली तेव्हा बाईंनी तिला दारातच थांबवलं. "बघा हं," म्हणाल्या, आणि गाऊन अंगावर ठेवूनच सगळं करून दाखवलं. बसल्या, उठल्या, ब्रश फिरवला, टॉवेल ओढला. गिऱ्हाइकाला ट्रायल द्यावी तशी ट्रायल दिली, कुठे चुणी म्हणून सोडली नाही.

नणंद चौकटीला टेकून बघत होती. "म्हणजे आता माझं काय काम उरलं, वहिनी?"

"काही नाही!" बाई ऐटीत म्हणाल्या. दुकानात कुणी 'आता काही राहिलं का' विचारलं की हेच उत्तर द्यायची जन्माची सवय. शब्द तोंडातून गेला आणि आपल्याच पायावर धोंडा पडल्याचं त्यांना कळलं.

"सुटले बाई," नणंद म्हणाली, आणि पाणीसुद्धा न पिता गेली.

त्यानंतर ती आली नाही. बाई रोज स्वच्छ आंघोळ करत, कोरड्या होत, आकड्याने बटणं लावत, आणि मग दिवसभर त्यांच्याशी कुणी भांडत नसे. घर खायला उठलं. रडू आलं तर रडल्याही, कुणापासून लपवायचं होतं? शेवटी त्यांनी अभिमान गिळला आणि फोन लावला. पण सरळ बोलतील तर त्या टेलरबाई कसल्या!

"वन्सं, पाठीचा मधला भाग राहतोय हो. ब्रश पोचत नाही." आपल्याच कामात खोट काढायची त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा वेळ आली होती.

"बघते काय करता येतं," नणंद म्हणाली.

बाईंनी पाणी तापवलं, केस सोडून बसल्या. दुसऱ्या दिवशीही तापवलं. बेल वाजली तेव्हा त्या जमेल तितक्या घाईने, भिंत धरून दारात पोचल्या. औषधाच्या दुकानातला माणूस होता. पुडक्यात वाकड्या दांड्याचा नवा ब्रश निघाला. त्यांनी गाऊनवरूनच तो पाठीवर फिरवून पाहिला. कंबरेपासून मानेपर्यंत कुठेही न अडता फिरला. एवढं बरोबर माप त्यांनी स्वतः दिलं असतं की नाही, शंकाच.

तेवढ्यात फोन आला. "पोचतो ना? दुकानदाराला हात लांब करकरून दाखवलं, एवढी पाठ आहे म्हणून."

"पोचतो," बाई म्हणाल्या. खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "सगळीकडे पोचतो. तरी तुम्ही या ना, वन्सं."



"जिने चढवत नाहीत गं आता मला," नणंद म्हणाली. "मागच्या खेपेला वर येताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं होतं. तू ते सगळं दाखवलंस तेव्हा वाटलं, बरं झालं, सांगायला नको. आणि घरी येऊन मला जेवण गेलं नाही."

बाईंना तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरता येत नव्हतं. हे दोघींनाही ठाऊक होतं.

"फोन ठेवू नका," बाई म्हणाल्या.

त्यांनी फोनचा स्पीकर लावला, तो बाथरूममधल्या फळीवर कोरड्या जागी ठेवला, आणि खुर्चीवर बसून अंगावर पाणी घेतलं.

"फार कढत नाही ना?"

"नाही."

"मानेच्या मागे घासलंस?"

"घासलं."

"खोटं. आवाज नाही आला मला."

बाईंनी ब्रश मानेमागे नेला आणि फोनपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोराने घासायला लागल्या.