पान अठ्ठावन्न

विरुपाक्ष आमच्या जर्नलच्या कचेरीत आला, त्याच वर्षी आमचे संदर्भ दोनावरून एकेचाळीसवर गेले. म्हणजे बाहेरच्या संशोधकांनी आपल्या लेखांत एकेचाळीस वेळा आमचा हवाला दिला. धारवाडचं उत्खननावरचं एवढंसं जर्नल, निम्मे अंक कपाटात पडून. माझा विश्वास कसा बसावा?

त्यातून सगळे संदर्भ एकाच लेखाचे: १९९१ सालचा, राखेच्या टेकाडांवरचा. लेखक कै. यलिगार सर, म्हणजे विरुपाक्षचे गुरू. झालं, माझी खात्रीच पटली. पठ्ठ्याने मित्रांकडून संदर्भ घालून घेतले होते. असलं उघडकीला आलं की जर्नल मान्यतेच्या यादीतून बाद होतं. 'विरुपाक्षला काढा' असं पत्र लिहून, सही करून मी संपादक कोटूर सरांकडे गेले. ते चुरमुऱ्यांचं गिरमिट खात होते.

"पुरावा काय, गंगाक्का?"

"एकेचाळीस लेख, सर, आणि तळटीप एकच. पान अठ्ठावन्न. ठरवल्याशिवाय असं होतं का?"

सरांनी विरुपाक्षला जुना अंक घेऊन बोलावलं. लेख छप्पन्नाव्या पानावर संपत होता. अठ्ठावन्नवर वर्गणीचा फॉर्म.

सरांना हसू आवरेना. "अंक कुणी उघडलाच नाही की! एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलंय. कसला कट घेऊन बसलीस!"

"पण पहिल्यांदा कुणी लिहिलं? तो याचाच कुणीतरी निघणार."

विरुपाक्ष खाली बघत म्हणाला, "जाऊ दे ना, अक्का."

माझा संशय आणखी पक्का झाला. "का जाऊ दे? लाव आजवरच्या सगळ्या संदर्भांची यादी वर्षाप्रमाणे."

त्याने लावली. सगळ्यात जुनं नाव माझं. २००९ सालचं माझं पुस्तक, गेल्या वर्षीच इंटरनेटवर फुकट वाचायला खुलं झालेलं. पानाचा आकडा मी शिकत असताना यलिगार सरांच्या वर्गात उतरवलेल्या टिपणांवरून घेतला होता. अंक मीही उघडला नव्हता. लाजेने मला खुर्चीत बसवेना.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच महिन्यात सापडलं, अक्का. कुणाला बोललो नाही. तुमचं पुस्तक वाचूनच तर मी या विषयात आलो."

सरांनी पत्र पुढे केलं. "याचं काय करू?"

मी पेन मागितलं. विरुपाक्षचं नाव खोडून तिथे माझं लिहिलं. सही आधीच केलेली होती.