पिंजऱ्याने दिलेली साक्ष

जो प्रत्येकाच्या अंतःकरणात बसून मुकाट्याने सारे पाहतो, ज्याला शपथ घालावी लागत नाही आणि ज्याची उलटतपासणी घेण्याची कोणाची छाती नाही, त्या सर्वसाक्षी परमात्म्याला माझे वंदन असो. त्याच्याच कृपेने या लाकडाला आज वाचा फुटली आहे.

मी साक्षीदाराचा पिंजरा बोलतोय. नावाने घाबरू नका. वाघाला कोंडतात त्या जातीचा मी नव्हे. माझ्यात साधी माणसे उभी राहतात. गुरगुरतात ते बाहेरचे काळ्या कोटातले वकील.

मला घडवणारा सुतार देवभोळा होता. माझ्या कठड्यावरून तो पुन्हापुन्हा तळहात फिरवी आणि म्हणे, "यावर हात ठेवून लोक देवाचं नाव घेणार. कुसळ राहता कामा नये." त्याच्या त्या काळजीमुळे माणसांचे हात मला नीट कळू लागले. खोटे बोलणारा कठडा घट्ट धरतो. खऱ्याला हात कुठे ठेवावा हेच सुचत नाही.

माझ्यापुढे झालेले संवाद आठवले की अजूनही माझे सांधे खुसखुसतात. एकदा मारामारीच्या खटल्यात वकिलांनी एका आचाऱ्याला दरडावले, "भांडण सुरू झालं तेव्हा तुम्ही काय करत होता?"

"भांडत होतो, साहेब."

"मग सोडवायला कोण आलं?"

"आले तेही भांडायलाच. शेवटी आम्हीच दमलो."

दुसऱ्या एकाला वकील म्हणाले, "उत्तराला इतका वेळ का लागतो? तुम्ही शपथेवर आहात, ध्यानात आहे ना?"

"म्हणून तर वेळ लागतोय," तो शांतपणे म्हणाला.

परंतु ज्या साक्षीने मी धन्य झालो, ती एका आजींची. त्यांच्या दोन मुलांचा दावा होता. घराच्या पुढच्या खोल्या थोरल्याकडे, मागच्या धाकट्याकडे, आणि मागच्यांना रस्त्यावर यायला एकच बोळ. त्या बोळाच्या दाराला थोरल्याने कुलूप घातले होते. दार माझे, धाकट्याचा त्यावर हक्क कधीच नव्हता, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने ते मानले असते, तर धाकट्याला बायकोमुलांसह घर सोडावे लागले असते. आजी राहत थोरल्याकडे. म्हणून त्याच्या वकिलांनी त्यांना आपल्या बाजूने उभे केले.

त्यांचा हात कठड्यावर पडला तो पिसासारखा हलका. धाकट्याचे वकील उलटतपासणीला उठले.

"आजी, या घरात कधीपासून राहता?"

"आठवत नाही."

"लग्न होऊन याच घरात आलात ना?"

"आठवत नाही."

"लग्न झालं होतं, हे तरी आठवतं?"

आजींनी बाकांकडे पाहिले. "आठवत नाही. पण झालं असावं. ही दोघं समोर बसली आहेत."

सारे हसले. न्यायाधीश मात्र मायेने म्हणाले, "आजी, सकाळी काही खाल्लंत का?"

"खाल्लं की, साहेब," आजी पटकन म्हणाल्या. मग जीभ चावून पुटपुटल्या, "म्हणजे, आठवत नाही."

थोरल्याचे वकील घाम पुसत उठले. "साहेब, आजी थकल्या आहेत."

"थकले कुठे? तुम्हीच म्हणालात ना, काही विचारलं तरी आठवत नाही म्हणा, त्यात खोटं काही नाही म्हणून."

वकिलांना एकाएकी मोठा खोकला आला.

धाकट्याच्या वकिलांनी हातातले कागद खाली ठेवले. "बरं, एकच विचारतो. मागच्या बाकावर तो निळ्या सदऱ्यातला बसलाय, त्याला ओळखता?"

आजींचे ओठ हलले. "आठ..." एवढेच उमटले. त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "हे नाही म्हणवत. धाकटा आहे माझा."

"बोळाच्या दाराचं काय, आजी?"

"त्या दाराला आतून नुसती कडी होती, वरून हात घालून काढायची, आणि याचा हात तिथवर पोचायचा नाही. खेळून आला की बाहेरून ओरडायचा, 'दादा, दार.' मग हा थोरला भरल्या ताटावरून उठायचा कडी काढायला. मी रागवायचे, अरे, जेवताना उठू नये. तर म्हणायचा, तो बाहेर उभा आहे ना."

न्यायाधीशांनी थोरल्याकडे पाहिले. "तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?"

"माझ्या अशिलाला," वकील घाईने म्हणाले, "यातलं काहीही..."

थोरल्याने त्यांचा कोट हलकेच मागे ओढला आणि तो स्वतः उभा राहिला. "मला आठवतं, साहेब."

त्या दाव्याचा निकाल लिहावाच लागला नाही. माझ्या शेजारीच थोरल्याने किल्ली पुढे केली. धाकटा म्हणाला, "किल्ली कशाला, दादा? कडी आहे ना."

"तुमचं झालं असेल तर मला उतरवा आधी," आजी म्हणाल्या. "पाय भरून आलेत." दोघांनी दोन बाजूंनी त्यांना उतरवले. ते तीन हात माझ्या कठड्यावर एकदमच टेकले होते. मला देवदर्शन घडले ते तेव्हा.

आता नवी इमारत झाली, ध्वनिक्षेपकासह नवे पिंजरे आले आणि मी व्हरांड्याच्या कोपऱ्यात विसावलो. लोक माझ्यावर पिशव्या टांगतात. वकील मला टेकूनच साक्षीदारांना पढवतात, लाकडाला कान नसतात या भरवशावर. परवा थोरल्याचे तेच वकील आले. केस पिकले आहेत, खोकला मात्र आता खरा झाला आहे. एका घाबरलेल्या बाईंना ते सांगत होते, "काहीही विचारलं तरी आठवत नाही म्हणायचं." त्यांचा हात माझ्या कठड्यावरून फिरला. मग म्हणाले, "फक्त मुलाबाळांचं विचारलं, तर खरं सांगून टाका. तिथं माझं काही चालत नाही."

श्रोतेहो, माझी साक्ष संपली. विनवणी एवढीच, की आठवते ते आठवते म्हणा. तुमच्या घरी कोणाला पिंजऱ्यात उभे राहण्याची वेळ न येवो. प्रत्येक दाराबाहेरून प्रेमाची हाक येवो, आत ताटावरून उठणारे कोणी असो, आणि तो सर्वसाक्षी तुम्हा सर्वांकडे पाहून प्रसन्नपणे हसो.